आठ बांबूची सोंगटी

केविन क्वान यांच्या ‘क्रेझी रिच एशियन्स’ या कादंबरीची निम्मी गंमत पानाच्या तळाशी आहे. वर गोष्ट चालू असते आणि खाली बारीक अक्षरात टिपा. एखाद्या मावशीनं हॉक्कियन बोलीत शिवी हासडली की तिचा अर्थ खाली येतो. एखाद्या शाळेचं नाव आलं की तिथं शिकलेली मंडळी स्वतःला कोण समजतात, तेही खालीच. टिपा लिहिणारा आवाज घरातल्याच एखाद्या भाच्याचा वाटतो. त्याला सगळ्यांची सगळी अंडीपिल्ली ठाऊक आहेत. पुस्तक उघडताच वंशवृक्ष समोर येतो. मग कपडे, दागिने, घरं, विमानं यांची नावं आणि किमती इतक्या गांभीर्यानं मोजल्या जातात की थोड्याच पानांत वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. २०१३ साली आलेल्या या कादंबरीतला उपहास असा याद्यांवर उभा आहे. गोष्ट तशी साधी: न्यूयॉर्कची रेचल प्रियकर निकसोबत त्याच्या मित्राच्या लग्नाला सिंगापूरला जाते, तिथं तिला कळतं की तो अफाट श्रीमंत घराण्यातला आहे, आणि त्या घराला ती सून म्हणून नको आहे.

पडद्यावर हे जमत नाही. कागदावर ‘अमुक कॅरटचा हिरा’ असं लिहून त्याची टर उडवता येते. कॅमेऱ्यासमोर तोच हिरा ठेवला की तो चमकतो, आणि बघणारा दिपतो. श्रीमंतीची थट्टा करणाऱ्या पुस्तकावर सिनेमा करायला घेतलेल्या प्रत्येकाला ही अडचण येते, आणि बहुतेकांचा सिनेमा शेवटी श्रीमंतीचीच जाहिरात होऊन बसतो. २०१८ साली जॉन एम. चू यांनी या कादंबरीवर प्रेमकथा केली, तेव्हा त्यांच्याही सिनेमाचं काही ठिकाणी तेच झालं. पण त्यांनी एक गोष्ट फार नेमकी केली. पुस्तकातल्या शेकडो वस्तूंमधून मोजक्या निवडल्या आणि त्यातली प्रत्येक एकेका नात्याला बांधली. वस्तूची किंमत मागे पडली आणि ती कोणी कोणाला दिली, कोणी दिली नाही, हे पुढं आलं. उपहासाची प्रेमकथा कशी झाली, याचं उत्तर मला तरी या निवडीत सापडतं.

आधी माणसांबद्दल थोडं. क्वान यांचा जन्म सिंगापूरचा, १९७३ सालचा. घराणं जुनं, बँकेच्या व्यवसायातलं. अकराव्या वर्षी ते अमेरिकेत, टेक्सासला गेले. म्हणजे कादंबरीतलं सिंगापूर हे लहानपणी सोडलेल्या घराचं सिंगापूर आहे. त्यातल्या वाड्यांना आणि आजीच्या दरबाराला आठवणीतला मोठेपणा आहे. हक्क विकताना त्यांनी पैशाऐवजी निर्मितीत स्वतःचा शब्द राहील अशी अट घातली आणि एका डॉलरवर करार केला. ही अट किती शहाणपणाची होती, ते एका सूचनेवरून कळतं. नायिका रेचल गोरी करावी, अशी सूचना एका निर्मात्याकडून आली होती. ती मान्य झाली असती तर गोष्टच उरली नसती, कारण रेचल चिनी वंशाची असूनही ‘आपली’ नाही, हाच तर सगळा पेच आहे.

चू यांचा जन्म १९७९ चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील लॉस आल्टोसमध्ये १९७० पासून चिनी रेस्टॉरंट चालवतात. या सिनेमाआधीची त्यांची ओळख नाचाचे सिनेमे करणारा दिग्दर्शक अशी होती. ‘स्टेप अप’ मालिकेतले दोन भाग, जस्टिन बीबरवरचा मैफलींचा माहितीपट, मग मारधाडीचा ‘जी. आय. जो’चा दुसरा भाग. २०१५ चा ‘जेम अँड द होलोग्राम्स’ तर सपशेल पडला. या यादीकडे पाहून कोणी त्यांच्या हाती कौटुंबिक गोष्ट दिली नसती. पण नाचाच्या सिनेमात दिग्दर्शकाला एक गोष्ट शिकावीच लागते: बरीच माणसं एका चौकटीत असताना बघणाऱ्याची नजर एकाच हातावर, एकाच पावलावर कशी न्यायची. या सिनेमातले सगळ्यात चांगले प्रसंग टेबलाभोवती बसलेल्या माणसांचे आहेत आणि त्यात नजर हातांवर असते.

नेटफ्लिक्सनं मोठी रक्कम आणि कादंबरीच्या तिन्ही भागांवर सिनेमे करायची हमी देऊ केली होती. क्वान आणि चू यांनी ती नाकारून वॉर्नर ब्रदर्सकडे जायचं ठरवलं, कारण हा सिनेमा थिएटरात, अनोळखी माणसांनी एकत्र बसून बघावा असं दोघांनाही वाटत होतं. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओनं आजच्या काळातली, बहुतेक सगळे कलाकार आशियाई वंशाचे असलेली गोष्ट त्याआधी केली होती ती १९९३ साली, ‘द जॉय लक क्लब’. मध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या सिनेमातल्या लिसा लू या सिनेमात आजी आहेत. खर्च ३ कोटी डॉलरचा, जगभरची कमाई २३ कोटींच्या वर. थिएटरचा आग्रह योग्य होता, हे आकड्यांनीही दाखवलं.

आता पडद्याकडे. पहिला प्रसंग लंडनच्या एका भारी हॉटेलातला. कादंबरीत तो १९८६ चा, सिनेमात १९९५ चा. पावसात भिजून आलेलं चिनी कुटुंब, चिखलाचे बूट, आणि ‘तुमच्या नावची खोलीच नाही’ असं सांगणारा व्यवस्थापक. बाई बाहेरच्या टेलिफोन बूथमधून फोन करतात, परत येतात आणि कळतं की हॉटेल आता त्यांच्या कुटुंबाच्या मालकीचं आहे. पुस्तकात हा प्रसंग बऱ्याच नातेवाइकांत वाटलेला आहे आणि हॉटेल विकत घेणारा माणूसही वेगळा. सिनेमानं तो एकट्या एलिनॉरकडे, म्हणजे नायकाच्या आईकडे आणून ठेवला. पटकथेच्या दृष्टीनं हा फार मोलाचा बदल आहे. पुढं दीड तास आपण जिला विरोधक म्हणून बघणार आहोत, तिचा अपमान आपण सगळ्यात आधी बघितलेला असतो. जगानं तिला काय शिकवलं हे ठाऊक असल्यावर तिचा कडकपणा निव्वळ दुष्टपणा वाटत नाही.

मिशेल यो यांनी भूमिका स्वीकारताना हाच आग्रह धरला होता की एलिनॉर खलनायिका होता कामा नये. कादंबरीतली एलिनॉर मैत्रिणींसोबत कारस्थानं करणारी, बरीचशी विनोदी बाई आहे. सिनेमातली एलिनॉर केंब्रिजला कायदा शिकत होती, लग्नानंतर ते सोडून घर आणि घराणं सांभाळणं तिनं पत्करलं, आणि त्याचा तिला अभिमान आहे. नवरा कामानिमित्त बाहेर असतो. तो सिनेमात एकदाही दिसत नाही, आणि हेही विचारपूर्वक केलेलं असावं. घरातली सत्ता पूर्णपणे बायकांच्या हातात दिसते: आजी, सून, आणि दारात उभी असलेली होऊ घातलेली नातसून. सासू-सुनेच्या मालिका वर्षानुवर्षं बघितलेल्या आपल्या डोळ्यांना या तिघींची रचना लगेच कळते. फरक इतकाच की इथं कोणी मोठ्यानं बोलत नाही. एलिनॉर सगळ्यात कठोर वाक्य जिन्यावर, जवळ येऊन, रेचलचा चेहरा निरखत, शांतपणे बोलते. तू कधीच पुरेशी ठरणार नाहीस, असं.

पुस्तकातल्या उपहासाचा वेग जर कुठं थेट उतरला असेल तर सुरुवातीच्या गॉसिपच्या तुकड्यात. न्यूयॉर्कच्या एका कॅफेत निक आणि रेचल गोड खात बसलेत. ओळखीची एक मुलगी चोरून फोटो काढते आणि तो फोनवरून फोनवर उड्या मारत निघतो. पडद्याचे तुकडे होतात, निरोपांची अक्षरं रंगीत होऊन नाचतात, शहरं बदलतात, बायका दचकतात, आणि कॅफेतल्या दोघांचं बोलणं संपायच्या आत बातमी सिंगापुरात बायबल वाचायला जमलेल्या एलिनॉरच्या मंडळापर्यंत पोचलेली असते. संकलक मायरन कर्स्टीन यांचं हे काम तळटिपांचं काम करतं: दर दोन सेकंदांना बाजूनं कोणीतरी काहीतरी पुटपुटतं. नाचाचे सिनेमे केल्याचा फायदा इथं उघड दिसतो. माझ्या मते असे आणखी दोन-तीन तुकडे पुढं पेरायला हवे होते. पहिल्या अर्ध्या तासानंतर ही भाषा सिनेमानं जवळजवळ सोडूनच दिली.

विमानतळावरून ही मंडळी थेट न्यूटन फूड सेंटरला जातात. साटे, लाक्सा, चिली क्रॅब, बर्फाचा कचांग. निक एकेका गाडीवर जाऊन ऑर्डर देतो आणि पहिल्यांदाच कळतं की हा मुलगा या शहराचा आहे. हेन्री गोल्डिंग यांनी त्याआधी सिनेमात काम केलं नव्हतं. ते प्रवासाचे कार्यक्रम सादर करायचे. निर्मितीच्या कार्यालयातल्या एका हिशेबनीसबाईंनी त्यांचं नाव सुचवलं होतं. बाजारात सहज वावरणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून हा प्रसंग त्यांना शोभतो. पुढं कोट-टायमध्ये ते थोडे ताठ वाटतात. खाण्याचा हा प्रसंग टायरसॉल पार्कच्या आधी येतो, हा क्रमही बरोबर आहे. वाडा आधी दाखवला असता तर न्यूटनचं जेवण गरिबीची सहल वाटलं असतं.

टायरसॉल पार्क म्हणजे आजीचा वाडा. गाडीच्या नकाशात तो सापडत नाही. नुसतं रान दिसतं. सिनेमासाठी क्वालालंपूरची कारकोसा सेरी नगारा ही इंग्रजांच्या काळातली इमारत वापरली. ती बरीच वर्षं दुर्लक्षित होती, तिला रंगरंगोटी करून उभं केलं. जुनी श्रीमंती आणि नवी श्रीमंती यातला फरक नेपथ्यकार नेल्सन कोट्स यांनी न बोलता मांडला आहे. रेचलची मैत्रीण पेक लिन हिच्या घरी जिकडेतिकडे सोनेरी मुलामा, आरसे, फ्रेंच राजवाड्याची नक्कल. टायरसॉलमध्ये काळपट लाकूड, पिढ्यानपिढ्यांची भांडी, झाडं. पुस्तकाला हे सांगायला पानंच्या पानं लागतात. इथं दोन दिवाणखाने पुरतात.

त्या वाड्यात रेचल पहिल्यांदा येते त्या रात्री मेजवानी असते, कारण ‘तान हुआ’ फुलणार असते. हे फूल आपल्याला नवं नाही. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत कुंडीत वाढणारं, पावसाळ्यात एखाद्या रात्री दहानंतर उमलणारं आणि उजाडेपर्यंत मान टाकणारं ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तेच हे. पानाच्याच कडेतून कळी निघते, ती खाली लोंबते आणि फुलायच्या दिवशी मान वर करते. फुलाची वेळ चुकू नये म्हणून शेजाऱ्यांना फोन करणं, घरातल्या सगळ्यांनी जागणं, हे आपल्याकडेही होतं. सिनेमात या फुलाला दागिन्यापेक्षा जास्त मान आहे. ते विकत घेऊन वेळेवर हजर करता येत नाही, त्याच्यासाठी थांबावं लागतं. इतक्या पैशांच्या सिनेमात एका गोष्टीपुढं पैसा चालत नाही, आणि आजीची मेजवानी तिच्याभोवती आहे. रेचल शेवटी एलिनॉरशी बोलताना हे फूल पुन्हा काढते, तेव्हा ते मनात नीट रुजलेलं असतं.

मग डंपलिंगचा प्रसंग. सगळं घर टेबलाभोवती बसून पिठाच्या पाऱ्यांत सारण भरतंय. चुण्या कशा घालायच्या हे आजीनं शिकवलेलं, निक ते रेचलला दाखवतो. कामात हात गुंतलेले असले की माणसं सहज बोलतात, आणि सहज बोललेलं जास्त लागतं. रेचल एलिनॉरच्या बोटातल्या पाचूच्या अंगठीचं कौतुक करते. ही अंगठी निकच्या वडिलांनी लग्नाची मागणी घालताना मुद्दाम घडवून घेतली होती. का घडवून घेतली, हे नंतर जिन्यावर कळतं: आजीनं घराण्याची अंगठी द्यायला नकार दिला होता. एलिनॉरही एके काळी नको असलेली सून होती. पुस्तकात हिऱ्या-माणकांच्या याद्या आहेत, सिनेमात ही एक अंगठी. ती मिशेल यो यांची स्वतःची होती. निर्मात्यांनी आणलेली त्यांना भूमिकेला साजेशी वाटली नाही. शेवटी ती कोणाच्या बोटात जाते, यावर सिनेमाचा निकाल ठरतो.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा सिनेमा कोणालाही बघायला सांगेन. तो कादंबरीत नाही. पटकथाकार पीटर चियारेली आणि ॲडेल लिम, आणि दिग्दर्शक चू, यांनी तो नव्यानं रचला.

रेचल एलिनॉरला माजाँगच्या अड्ड्यावर बोलावते. चित्रण पेनांगच्या प्रसिद्ध निळ्या हवेलीत झालं. सिनेमात खेळाचे नियम समजावलेले नाहीत, आणि न समजताही प्रसंग पोचतो; पण नियम कळले की तो दुप्पट उंचीचा होतो. रमी येणाऱ्याला माजाँगचा गाभा पाच मिनिटांत समजेल. पत्त्यांऐवजी सोंगट्या. वर्तुळं, बांबू आणि अक्षरं असे तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ, आणि प्रत्येक सोंगटी चार वेळा, म्हणजे १०८. त्यात चार दिशांच्या १६ आणि तीन ड्रॅगनच्या १२ मिळून १३६. फुलं आणि ऋतू धरले तर १४४. प्रत्येकाच्या हातात रमीसारख्याच तेरा. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी लागली की डाव झाला. संच सारख्या सोंगट्यांचा चालतो किंवा ओळीतल्या आकड्यांचा. रमीत टाकलेला पत्ता फक्त पुढच्या भिडूला उचलता येतो. माजाँगमध्ये ओळ लावायची तर तसंच बंधन आहे, पण डाव जिंकायला लागणारी सोंगटी कोणीही टाकलेली असली तरी कुठूनही उचलता येते. रेचल आणि एलिनॉर समोरासमोर बसल्या आहेत, शेजारी नाहीत. त्यामुळं रेचलनं टाकलेली सोंगटी एलिनॉरनं उचलून डाव पूर्ण करणं नियमात बसतं.

एलिनॉर पूर्वेच्या जागेवर आहे, म्हणजे डाव तिच्या हाती. रेचल पश्चिमेला. बाकी दोन जागांवर दोन वयस्क बायका, त्यांना या दोघींच्या इंग्रजी बोलण्याशी देणंघेणं नाही. खेळ चालू असताना रेचल सांगते की निकनं तिला मागणी घातली. एलिनॉरचा हात क्षणभर थबकतो. रेचल म्हणते, मी नाही म्हणाले. कारण त्यानं मला निवडलं तर तो घर गमावेल, आणि घर निवडलं तर आयुष्यभर आईला दोष देत राहील. या बोलण्याच्या ओघात रेचलच्या हाताला एक सोंगटी येते: बांबूची आठ. चिनी समाजात आठ हा भरभराटीचा आकडा. याच सोंगटीनं तिचा डाव पूर्ण होतो. एलिनॉरलाही हीच हवी आहे, हेही तिनं ओळखलंय. ती सोंगटी बघते आणि टेबलावर टाकते. एलिनॉर ती उचलते, डाव उलगडते, जिंकते. मग रेचल स्वतःच्या सोंगट्या उताण्या करून दाखवते. एलिनॉरला दिसतं की जिंकणारी सोंगटी हिच्या हातात होती आणि हिनं ती दिली.

बऱ्याच ठिकाणच्या नियमांत जिनं टाकलेल्या सोंगटीवर डाव होतो, भरपाईचा मोठा वाटा तिच्यावर पडतो. म्हणजे हे दान फुकटचं नाही.

सिनेमानं याची तयारी पहिल्या काही मिनिटांतच केलेली असते. रेचल न्यूयॉर्कच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात पोकरचा डाव मांडून ती दाखवते की समोरचा जिंकायला खेळत नव्हता, हरू नये म्हणून खेळत होता, म्हणून हरला. प्रेक्षक तो प्रसंग नायिका हुशार आहे हे कळण्यापुरता बघतो आणि विसरतो. माजाँगच्या वेळी तीच बुद्धी उलट्या दिशेनं चालते: जिंकता येत असताना हरणं, आणि हरताना समोरच्याला आपले पत्ते दाखवणं. पत्ते दाखवले नसते तर तो त्याग एलिनॉरला कधी कळलाच नसता, आणि पुढं काही बदललं नसतं. रेचल शांत आहे, पण ती स्वतःला पुसून टाकत नाही. आपल्या गरीब, एकटीनं वाढवणाऱ्या आईची मुलगी म्हणून ती हे सांगते, आणि ती आई मागच्या टेबलापाशी वाट बघत उभी असते. दोघी हात धरून निघतात.

हा प्रसंग लिहिणाऱ्यांपैकी ॲडेल लिम यांचं पुढं काय झालं, हे इथंच सांगायला हवं. त्या मूळच्या मलेशियाच्या. घरातल्या बायकांचं हे बोलणं, हे रुसणं-ठणकावणं पटकथेत खरं वाटतं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पुढच्या भागांसाठी त्यांना सहलेखकाच्या मानानं फारच कमी मानधन देऊ केलं गेलं. स्टुडिओचं म्हणणं, अनुभवानुसार ठरलेल्या दरात ते बसतं. सहलेखकानं स्वतःच्या वाट्यातून भर घालायची तयारी दाखवली. लिम यांनी ती नाकारली आणि बाहेर पडल्या. २०१९ साली हे जाहीर झालं. संस्कृतीचे बारकावे वरून शिंपडायला म्हणून आपल्यासारख्या बायकांना घेतात, अशा अर्थाचं त्या तेव्हा बोलल्या होत्या. ज्या प्रसंगावर सिनेमा तोलला आहे, त्याकडे बघता त्यांचं म्हणणं रास्त होतं.

एका मराठी वाचकाला चुकवता येणार नाही अशी वस्तू अजून बाकी आहे. निकची चुलतबहीण ॲस्ट्रिड एका जवाहिऱ्याकडे मोत्यांची कर्णभूषणं घेते. किंमत बारा लाख डॉलर. ती ब्रह्मदेशाच्या राणी सुपयालतची म्हणून दाखवली जातात. सुपयालत म्हणजे थिबा राजाची राणी. १८८५ साली मंडालेचं राज्य इंग्रजांनी घेतलं आणि राजा-राणीला आणून ठेवलं ते रत्नागिरीत. थिबा राजवाडा १९१० साली पूर्ण झाला. १९१६ साली राजा तिथंच वारला, आणि राणीला मायदेशी जायला १९१९ उजाडावं लागलं. राज्य गेलं, दागिने हातोहात गेले. सिनेमात हा इतिहास उलगडत नाही, फक्त नाव येतं. पण नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून स्वतःचे दागिने कपाटात लपवणाऱ्या बाईच्या कानात नेमके याच राणीचे मोती असावेत, हे रत्नागिरी ठाऊक असलेल्याला वेगळं लागतं. शेवटी ॲस्ट्रिड नवऱ्याला सोडून निघते तेव्हा ती ते मोती काढते आणि कानात घालते.

दुर्दैवानं ॲस्ट्रिडची गोष्ट इथं फार आखडली आहे. कादंबरीत ती जवळजवळ दुसरी नायिका आहे. तिचा नवरा, त्याचा न्यूनगंड, चार्ली वू हा जुना प्रियकर, सगळ्याला जागा आहे. सिनेमात चार्ली अखेरच्या श्रेयनामावलीच्या मध्ये काही क्षण दिसतो. दोन तासांच्या प्रेमकथेत एकच जोडी मावते, हे कारण मान्य केलं तरी ॲस्ट्रिड झालेल्या जेमा चॅन यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला पुरेसे प्रसंग मिळत नाहीत, ही रुखरुख राहते.

जिथं वस्तू नात्याला बांधलेली नाही तिथं सिनेमा घसरतो. मालवाहू जहाजावरची बॅचलर पार्टी, बेटावरच्या रिसॉर्टातली खरेदी: इथं कॅमेरा नुसता हरखलेला आहे. पुस्तकात अशा ठिकाणी टीप येऊन टाचणी लावते, इथं टाचणी नाही. लग्नाचा प्रसंग मात्र वाचला आहे. सिंगापूरच्या चाइम्समधल्या जुन्या प्रार्थनागृहात उंच गवत उभं केलं, मधल्या वाटेवर पाणी सोडलं आणि वधू त्या पाण्यातून चालत येते. उधळपट्टीचा हा कळस. पण चू त्याच वेळी कॅमेरा वधूवरून काढून निक आणि रेचल यांच्या नजरांवर नेतात. एवढा खर्च त्या दोन चेहऱ्यांमागची पार्श्वभूमी होऊन जातो.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. सिंगापूरच्या वस्तीत साधारण तीन चतुर्थांश चिनी, बाकी मलय, तमिळ आणि इतर. सिनेमात सावळी माणसं दिसतात ती टायरसॉलच्या फाटकावरच्या बंदुकधारी पहारेकऱ्यांच्या आणि नोकरांच्या रूपात. रेचल आणि पेक लिन त्यांना घाबरतात, आणि त्या भीतीवर हशा अपेक्षित आहे. पुस्तकातही वाड्याला पहारेकरी आहेत, पण तिथं वाड्याच्या मिजाशीवर बोट ठेवणारा आवाज सोबत असतो. आवाज काढून टाकला आणि पहारेकरी तेवढे ठेवले, तर उपहासाचं टोक भलत्याच माणसांकडे वळतं. सिनेमा आला तेव्हा सिंगापुरातूनच ही टीका झाली, आणि ती योग्य होती. तीन वर्षांनी चू यांच्या ‘इन द हाइट्स’वर जवळपास हाच आक्षेप आला: न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्तीची गोष्ट, पण काळ्या कातडीची लॅटिन माणसं मुख्य भूमिकांतून गायब. एका समाजाला पडद्यावर आणण्याच्या आनंदात त्या समाजाच्या कडेची माणसं दिसेनाशी होतात, हा चू यांच्या कामातला दोष मला खरा वाटतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये सिनेमा चीनमध्ये लागला आणि चालला नाही. यात आश्चर्य नाही. रेचलचा पेच परदेशात वाढलेल्या चिनी मुलीचा आहे. अमेरिकेत ती चिनी आणि सिंगापुरात अमेरिकन. शांघायमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या आणि सुट्टीत नाशिकला आजीकडे येणाऱ्या मराठी मुलीला तो चटकन कळेल.

माजाँगनंतर कोल्डप्ले या बँडचं ‘यलो’ मँडरिनमध्ये ऐकू येतं, कॅथरिन हो यांच्या आवाजात. ‘पिवळा’ हा रंग आशियाई वंशाच्या लोकांना हिणवायला वापरला जायचा, म्हणून परवानगी मिळायला अडचण आली. चू यांनी बँडला स्वतः पत्र लिहिलं, हा शब्द लहानपणापासून कसा बोचला आणि या गाण्यात तो पहिल्यांदा सुंदर कसा वाटला ते सांगितलं, आणि परवानगी आली. गाणं तिथं वाजतं तेव्हा रेचल काही जिंकून निघालेली नसते. म्हणूनच ते तिथं शोभतं.

कादंबरी निक-रेचलचं लग्न ठरवून संपत नाही. एलिनॉरचा आशीर्वादही तिथं नाही. सिनेमानं दोन्ही दिलं, आणि विमानातला तो प्रसंग नीट रचून दिलं. सिंगापूरला येताना दोघं पहिल्या वर्गात होती, पसरून झोपायच्या खाटा आणि शँपेन. परतताना रेचल आणि तिची आई साध्या वर्गात, गर्दीत. निक तिथं घुसतो, आणि बोलता बोलता लोकांच्या बॅगा वरच्या कप्प्यात चढवून देतो, कारण वाट अडली आहे. मागणीचं भाषण मध्येमध्ये तुटत राहतं. इतक्या श्रीमंत मुलाच्या हातात पहिल्यांदाच दुसऱ्याचं सामान दिसतं. मग तो डबी उघडतो आणि आत एलिनॉरची पाचूची अंगठी असते. एलिनॉरनं काय ठरवलं हे तिच्या तोंडून वदवावं लागत नाही.

सिनेमा इथंच थांबायला हवा होता. त्यानंतर मरीना बे सँड्स या हॉटेलच्या गच्चीवर साखरपुड्याची पार्टी आहे, पाण्यात नाचणाऱ्या मुली आहेत, आणि गर्दीतून एलिनॉर रेचलकडे बघून किंचित मान हलवते. त्या एका मान हलवण्यासाठी एवढी पार्टी मांडली असावी. पण अंगठीनं ते आधीच सांगून झालं होतं.